ताठ मानेची बदकं

३ ऑक्टोबर

मी डायरी लिहिणारा माणूस नाही. हे ओतशाळेतलं जुनं रजिस्टर आहे. लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. ते काम मी एकतीस वर्षं केलं आणि प्रत्येक नमुन्याची मापं यात लिहिली. मागची पानं कोरी राहिली होती. काम सुरू झालं की तारीख टाकायची, एवढीच सवय. आज काम सुरू केलं आहे.

काम असं, की घरामागच्या तळ्यावर रानबदकं उतरवायची.

कारण लिहून ठेवलेलं बरं, म्हणजे उद्या कुणी शब्द फिरवायला नको. ही, म्हणजे माझी बायको, चार दिवसांपूर्वी मुलीकडे निघून गेली. भांडण झालं ते झारा कुठे टांगायचा यावरून. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी प्रत्येक वस्तूची आकृती रंगवली आहे, कारखान्यात हत्यारांच्या फळीवर असते तशी. पळीच्या जागी पळी, झाऱ्याच्या जागी झारा, कात्रीच्या जागी कात्री. आंधळ्यालाही कळेल. पण अठरा वर्षं झाली तरी ही झारा उलथन्याच्या जागी टांगते. मी शांतपणे सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना आवाज थोडा चढला असेल. तेवढ्यावरून हिनं बॅग भरली. शिवणाची कात्री घेतली. मशीन एकटीला उचलत नाही म्हणून राहिलं.

गाडीत बसताना मी विचारलं, "परत कधी?"

"तुमच्या या डबक्यावर रानबदकं उतरतील ना, त्या दिवशी येईन," म्हणाली.

गाडीवाला हसला. हसेना का, साक्षीदार आहे.

टोमणा होता, हे मला कळत नाही असं नाही. ही जागा घेतली तेव्हा मीच म्हटलं होतं की तळ्यावर रानबदकं येतील, तू मशीनवर बसल्या बसल्या खिडकीतून बघशील. एकही आलं नाही. पण टोमणा मारताना विचार करायचा होता. बोलली ते बोलली. शब्द म्हणजे शब्द.

७ ऑक्टोबर

तळं मोजलं. लांबी चाळीस मीटर, रुंदी बावीस. शेजारच्या वीटभट्टीनं माती काढून काढून झालेला खड्डा तो, त्यामुळे कडा उभ्या. ग्रंथालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं आहे. त्यात लिहिलंय की बदकांना उथळ पाणी लागतं, चालत बाहेर यायला उतार लागतो, काठाला पाणकणीस आणि लव्हाळे लागतात. म्हणजे अठरा वर्षं चूक तळ्याची होती. हे मी हिला तेव्हाच सांगत होतो.

भट्टी बंद पडून सहा वर्षं झाली, पण तिथे एक राखणदार आहे. पलीकडच्या काठावर खुर्ची टाकून दिवसभर झोपतो. त्याला सगळे डुलकी म्हणतात. आज उतार खणताना तो जागा होता.

"मिस्त्री, कशाला जिवाला त्रास? पक्षी दरवर्षी वरून जातात. खाली बघतात आणि पुढे धरणावर जातात."

"का जातात?"

"आता ते त्यांनाच विचारा."

अशा माणसाला लोक पगार देतात.

१५ ऑक्टोबर

उतार झाला. पाणकणीस लावलं. आता मुख्य काम. पुस्तकात आहे की पाण्यावर आधीच बदकं बसलेली दिसली तर वरून जाणारा थवा खाली येतो. म्हणून शिकारी लोक लाकडी बदकं सोडायचे. हे वाचून मी चक्क टाळी वाजवली. लाकूड म्हणजे माझं माहेर.

बारा करायची ठरवली. पुस्तकातल्या चित्रावरून मापं काढली. चोच एकावन्न मिलिमीटर. पहिलं बदक संध्याकाळी पूर्ण झालं. मान ताठ, छाती पुढे, नजर समोर. ओतशाळेत मला गुण्या म्हणायचे. सुतार काटकोन तपासायला वापरतो तो गुण्या. काही जण चेष्टेनं म्हणायचे, पण काटकोन चुकला की यायचे माझ्याकडेच.

मुलीचा फोन. म्हटलं, "आई कशी आहे?"

"मजेत. सकाळी उठल्यावर चहा घेऊन दहा-पंधरा मिनिटं नुसती बसते. काहीच करत नाही."

"म्हणजे अशक्तपणा आला असणार. डॉक्टरला दाखवा."

मुलगी म्हणाली, "नाही बाबा. बरी आहे ती."

तरी दाखवायला हवं.

२ नोव्हेंबर

बाराही बदकं आज पाण्यात सोडली. प्रत्येकाला दोरी, दोरीला दगड. चारचार अशा तीन रांगा, दोन बदकांत सव्वा मीटर. काठावरून बघितलं तर डोळ्यांचं पारणं फिटावं. इतकी शिस्तीतली बदकं देवानंही केली नसतील.

सकाळी साडेसातला थवा आला. वीसबावीस असतील. वळले, खाली आले, आणखी एक घिरटी घातली. आणि एकदम, कुणी दगड मारावा तसे वर उठून गेले.

कारणं : १. डुलकीचा रेडिओ. २. काठावर राहिलेली लाल बादली. ३. कुत्रं.

बादली उचलली. कुत्र्याला हाकललं. डुलकीला रेडिओबद्दल सुनावलं. तो म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी म्हटलं, नाचतोय कोण इथे?

९ नोव्हेंबर

काठावर फळ्यांचा आडोसा केला. आत स्टूल, एक फट. पहाटे पाच ते दहा मी तिथे असतो. गहू रोज एक डबा, उतारावर. गव्हावर चिमण्या आणि उंदीर पोसले जातायत.

खोकला सुरू झाला आहे. काढ्याची बाटली हिनं कुठे ठेवली कोण जाणे. औषधांची आकृती भिंतीवर काढायची राहून गेली होती.

१४ नोव्हेंबर

दुसरा थवा. मोठा. पुन्हा तेच. खाली आले, एक घिरटी, आणि पसार. आज रेडिओ नव्हता, बादली नव्हती, कुत्रं नव्हतं. मी आडोशातून बाहेर येऊन आकाशाकडे बघून ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.

डुलकी पलीकडून फेरा मारून आला. म्हणाला, "रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला."

"बदक मान ताठ कधी करतं माहितीय? भीती वाटली की. काहीतरी येतंय, पळायचंय, असं वाटलं की. निवांत असलं ना, की मान अंगात घेऊन बसतं, चोच पिसांत खुपसून. तुमची बाराच्या बारा बदकं मान वर करून बसलीयत. वरून बघणाऱ्याला काय दिसणार? इथे काहीतरी धोका आहे, पळा."

मी म्हटलं, एकतीस वर्षांत माझा एकही नमुना परत आलेला नाही.

"नमुना फर्स्ट क्लास आहे हो," तो म्हणाला. "पण त्यांच्याकडे बघून मलासुद्धा उठून उभं राहावंसं वाटतं."

झोपाळू माणूस मला बदकं शिकवतो.

१७ नोव्हेंबर

डुलकीशी बोलत नाही.

१९ नोव्हेंबर

पुस्तकात बघितलं. पान एकशे बारावर तळाला बारीक अक्षरांत आहे. ठळक छापायला काय झालं होतं?

सगळी बदकं बाहेर काढली. करवतीनं माना कापून खाली बसवल्या, चोच पाठीला टेकवून. अकरा झाली. प्रत्येक कापताना हात अडत होता. सुरेख लाकूड होतं. आता ती सर्दी झाल्यासारखी दिसतात. बारावं तसंच ठेवलं. सगळेच डोळे मिटून बसले तर लक्ष कोण ठेवणार? घर असो, कारखाना असो, एक तरी मान वर हवीच.

दुपारी मुलीला फोन केला तर हिनं उचलला. चुकून उचलला असणार.

म्हटलं, "बदकं उतरणार आहेत. आठ-दहा दिवसांत."

"कुठली बदकं?"

"कुठली म्हणजे? तू म्हणाली होतीस, गाडीत बसताना. बदकं उतरली की परत येईन."

"अहो, ते मी..."

"शब्द म्हणजे शब्द."

"खोकताय तुम्ही. काढा फडताळात मागच्या बाजूला आहे. जेवता का वेळेवर?"

"विषय बदलू नकोस," मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला.

लक्षातच नव्हतं तिच्या. दीड महिना मी कंबरभर पाण्यात, आणि हिला आठवतसुद्धा नाही काय बोलली ते. इतका राग आला की जेवलोच नाही. काढा मात्र मिळाला, तिथेच होता.

३० नोव्हेंबर, हॉस्पिटल

चार दिवसांपूर्वी पडलो. मधल्या रांगेतलं तिसरं बदक वाऱ्यानं आडवं झालं होतं, ते सरळ करायला उतरलो आणि चिखलात पाय गेला. मांडीचं हाड मोडलं. डुलकीनं ओढून बाहेर काढलं. म्हणजे नेमका तेव्हा जागा होता. सळई घातली आहे. मुलगी दुसऱ्याच दिवशी आली. ही आली नाही. मी विचारलं तर मुलगी म्हणाली, "येईल." लोकांचे नवरे साध्या तापानं पडले तरी बायका उशाशी बसतात.

रजिस्टर आणायला सांगितलं होतं, ते आज मिळालं. पानांत निळा दोरा अडकला होता. मुलीच्या ओढणीचा असेल.

३ डिसेंबर

इथलं जेवण म्हणजे शिक्षा, पण बाहेरून डबा येतो. मऊ भात, भाजी, एका बाटलीत गरम सूप. मुलीला विचारलं कोण करतं, तर म्हणाली, "शेजारून येतो." शेजारी भट्टीशिवाय आहे कोण? म्हणजे डुलकीची बायको. मी डुलकीबद्दल काय वाटेल ते म्हणेन, पण बाईच्या हाताला चव आहे. मीठ बरोबर, तिखट बरोबर. मुलीला म्हटलं, त्या बाईंना सांग, इतकं चांगलं जेवण मी कित्येक वर्षांत जेवलो नाही. आईनं शिकायला हवं त्यांच्याकडून.

मुलगी डबा धुवायला गेली ती लवकर आलीच नाही. परत आली तेव्हा डोळे लाल. तिची झोप होत नाही इथे.

"घराकडे कोण बघतंय?" मी विचारलं.

"बघतंय कुणीतरी."

"तळ्यात गहू?"

"टाकतंय."

५ डिसेंबर

उतरली! बदकं उतरली!

डुलकी भेटायला आला होता. तीस तारखेच्या सकाळपासून आहेत, म्हणाला. आधी नऊ, आता चाळीसच्या वर. पाण्यावर, उतारावर, पाणकणसांत. पहाटे एकच गलबला असतो, म्हणाला. मी त्याचे दोन्ही हात धरले. चूक व्हायला नको म्हणून रंग विचारला, चोचीचा आकार विचारला. पुस्तकातलीच.

"आणि गंमत सांगू का मिस्त्री," तो म्हणाला, "घरात..." इतक्यात मुलगी त्याला चहाला बाहेर घेऊन गेली. गंमत राहिली.

मुलीला म्हटलं, "आईला आत्ताच्या आत्ता कळव."

"तिला माहीत आहे, बाबा."

"मग?"

"तुम्ही आधी बरे व्हा."

हे उत्तर नव्हे. मी स्वतःच हिच्या फोनवर लिहून पाठवलं : बदकं उतरली. साक्षीदार आहे. ये.

उत्तर नाही. हरली की गप्प बसायची जुनी सवय आहे तिची.

७ डिसेंबर

डॉक्टरांच्या मागे लागून उद्याची सुट्टी मिळवली. आणखी चार दिवस राहा म्हणत होते. मी म्हटलं, माझी बदकं उडून गेली तर तुम्ही आणून देणार का?

मुलगी बाहेर फोनवर हळू आवाजात सांगत होती, "उद्या दुपारी येतायत. हो, लवकरच सोडलं." गाडीवाल्याला असणार.

८ डिसेंबर, घरी

क्रमानं लिहितो.

गाडी फाटकापाशी थांबली. आवाज ऐकू येत होता, पाण्यावरचा, सुखी माणसं जेवायला बसली की येतो तसा. वॉकर घेऊन मी मागच्या पायरीपर्यंत गेलो. तिथून दिसली. मोजली नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा काही मोजायचं सुचलं नाही. माझी लाकडी अकरा त्यांच्यात कुठली ते ओळखू येत नव्हतं. पलीकडे डुलकी खुर्चीत झोपलेला आणि त्याच्या पायांशी चार-पाच बदकं चरत होती.

मग वॉकरची नळी पायरीला लागून वाजली. एक मान वर झाली. मग सगळ्या. आणि तळं एकदम रिकामं झालं. पाणी बराच वेळ हलत होतं. त्यात बारावं बदक मान ताठ करून डुलत होतं.

आत आलो. झारा उलथन्याच्या जागी. उलथनं पळीच्या जागी. पळी ओट्यावर आडवी. पाय दुखत होता तरी वॉकर धरून एकेक जागेवर लावलं, मगच बसलो. खिडकीतल्या मशीनवरचं झाकण काढलेलं होतं. सुईत निळा दोरा होता.

डुलकी आला. म्हटलं, "तुमच्या बायकोचे आभार मानायचे आहेत, डब्याबद्दल."

"मला कुठली बायको?" तो म्हणाला. "वहिनी होत्या की इथे. नऊ दिवस. मीसुद्धा त्यांच्याच हातचं जेवलो. त्या आल्या आणि दुसऱ्याच दिवशी ही बदकं उतरली. खिडकीत मशीनवर बसायच्या आणि बघायच्या. परवा तर इतक्या हसल्या, एक बदक तुमच्या लाकडी बदकाच्या पाठीवर चढून बसलं होतं."

"कधी गेली?"

"सकाळी. तुम्ही येताय असा फोन आला ना."

मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, मी सांगणारच होते." कधी, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी हिचं उत्तर आलं. दोनच वाक्यं.

आले होते. शब्द पाळला.

१० डिसेंबर

बदकं परत आली नाहीत. खिडकीत तिच्या जागेवर बसून बघतो. इथून तळं पूर्ण दिसतं हे मला माहीत नव्हतं. या खुर्चीवर मी कधी बसलोच नव्हतो.

ती भाजी हिची होती. मला चव ओळखता आली नाही. चव तीच असणार, रोजचीच. घरी जेवताना मी काय करत असतो?

मुलीला परवा परत जायचं आहे. मी एकटा राहू शकत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मुलगी म्हणेल, आमच्याकडे चला, म्हणून वाट पाहिली. ती काही तसं म्हणाली नाही. बरोबरच आहे. तिकडे एकाच वेळी आम्ही दोघं मावणार नाही.

११ डिसेंबर

ताईला फोन केला, माझ्या मोठ्या बहिणीला. म्हणाली, "ये. पाय सरळ होईपर्यंत राहा. पण माझ्या भिंतीला पेन्सिल लावलीस तर तसाच बाहेर काढीन."

डुलकीला सांगून बारावं बदक पाण्यातून काढून घेतलं. तो म्हणाला, मान कापून देऊ का? म्हटलं, नको, याला फडताळात ठेवा. हे कुठल्याच तळ्यावर चालणार नाही.

१२ डिसेंबर, ताईकडे

निघण्याआधी हिला लिहून पाठवलं : महिनाभर ताईकडे जातोय. पायासाठी. बदकांना गहू टाकायला कुणी नाही, डुलकी झोपतो. किल्ली त्याच्याकडे ठेवली आहे. कात्री कुठेही टांगलीस तरी चालेल.

शेवटचं वाक्य दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा राहू दिलं.

गाडीवाला तोच निघाला, हिला घेऊन गेलेला. मुलगी मागे बसली, मी पाय लांब करायला पुढे. त्यानं मला ओळखलं. निम्मा रस्ता झाल्यावर हसत म्हणाला, "काय मग, उतरली का रानबदकं?"

"उतरली," मी म्हटलं.

"अरे वा! आणि बाई?"

"त्याही आल्या."

"मग तुम्ही का निघालात?"

मी म्हटलं, पायाचं दुखणं आहे.